मामंजींचे इंजिन आणि नातवाची यादी

कांदिवलीहून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. ह्या पानासाठी येणाऱ्या पत्रांत लोणच्यास बुरशी का येते येथपासून मुलांच्या दातांस तार केव्हा लावावी येथपर्यंत नाना प्रश्न असतात. परंतु मोटारीच्या इंजिनाविषयी, आणि तोही घरातील सुनेने विचारलेला, प्रश्न आमच्याकडे प्रथमच आला. पत्र सात पृष्ठांचे आहे. सबंध देणे शक्य नाही, हकीकत सांगतो.

भगिनींचे मामंजी ८४ वर्षांचे आहेत. आकुर्ली रस्त्यावर महिंद्रांचा जो कारखाना, तेथे इंजिने जोडण्याच्या खात्यात त्यांच्या उमेदीची तीसएक वर्षे गेली. त्याच कारखान्यात बनलेली, १९६९ साली नोंदलेली एक पेट्रोलची जीप त्यांनी पुढे जुनी म्हणून विकत घेतली, ती आजतागायत घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. महिन्यातून तीनचार वेळा ती बाहेर निघते: एकादशीस देवळात, एरवी भाजीबाजारात. गेल्या पावसाळ्यापासून मात्र ती लंगडू लागली आहे. उभ्या जागी इंजिन थरथरते, मागच्या नळीतून फट्फट् आवाज येतो, आणि महामार्गाच्या पुलाचा चढ दुसऱ्या गिअरमध्येही चढवत नाही. तेव्हा धाकट्या भावजींनी असा विचार मांडला की, जुने पेट्रोल इंजिन काढून भंगारात द्यावे व एखादे वापरलेले डिझेल इंजिन बसवावे. गॅरेजवाल्याने एक लाख वीस हजारांचा अंदाजही दिला. इतक्यात भगिनींचे चिरंजीव सुटीसाठी घरी आले. ते अमेरिकेत मिशिगन राज्यात यंत्रशास्त्र शिकतात. त्यांनी जेवताना सहज सांगितले की, अमेरिकन मोटारींच्या षोकी लोकांस सर्वांत प्रिय अशा इंजिनांची यादी केली तर पहिल्या दहांत आजोबांचे इंजिन सापडावयाचे नाही. मामंजी ताटावरून उठले नाहीत, परंतु त्या दिवसापासून पंक्तीस बसले तरी बोलत नाहीत.

भगिनींचे प्रश्न दोन आहेत. मामंजींचे इंजिन खरोखरच चांगले, की ती केवळ माया? आणि शेडमधल्या गाडीचे करावे काय?

प्रथम नातवाची बाजू. ती खोटी नाही. अमेरिकेत इंजिनावर प्रेम करणाऱ्यांची एक स्वतंत्र जात आहे. आपल्याकडे गवयांच्या घराण्यांवरून जसे तावातावाने बोलतात तसे ते लोक फोर्ड, शेव्हरोले आणि क्रायस्लर ह्यांवरून बोलतात. त्यांच्या यादीत फोर्डचे १९३२ सालचे व्ही-८ इंजिन बहुधा अग्रभागी असते. इंग्रजी व्ही अक्षराप्रमाणे चार चार सिलिंडरांच्या दोन ओळी तिरप्या मांडलेल्या. अशी इंजिने पूर्वीही होती. परंतु त्यांचा ब्लॉक निरनिराळे भाग ओतून मग जोडलेला असे आणि ती श्रीमंतांच्या गाड्यांतच सापडत. हेन्री फोर्डने हट्टाने सबंध ब्लॉक एका ओतकामात ओतविला आणि २२१ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ३.६ लिटरचे, ६५ अश्वशक्तीचे इंजिन सामान्य गृहस्थाच्या गाडीत आणून बसविले. ह्या इंजिनाचा एक दोष मात्र त्याचे भक्तही मान्य करतात. जळलेला वायू बाहेर नेणारे मार्ग त्याच्या ब्लॉकमधून, थंड पाण्याच्या पोकळ्यांना चिकटून जातात. त्यामुळे पाणी लवकर तापते. ज्यांनी उन्हाळ्यात बोरघाट चढताना रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभी केलेली गाडी पाहिली आहे, त्यांस ह्या दोषाचे मोल सांगावयास नको.

त्यानंतर शेव्हरोलेचे १९५५ सालचे लहान व्ही-८. एड कोल नावाच्या इंजिनियराच्या हाताखाली ते तयार झाले. २६५ घनइंचांच्या ह्या इंजिनाचे ओतकाम पातळ भिंतींचे, त्यामुळे वजन कमी व किंमतही कमी. ह्याच घराण्यातील इंजिनांची संख्या २०११ साली दहा कोटींवर गेली. क्रायस्लरचे ‘हेमी’ हे तिसरे. ह्यात सिलिंडराच्या माथ्यावरची पोकळी अर्धगोल, घुमटासारखी असते. १९५१ सालच्या पहिल्या हेमीची शक्ती १८० अश्वांची होती, आणि १९६४ साली ४२६ घनइंचांच्या हेमीने डेटोनाच्या प्रसिद्ध शर्यतीत पहिले तिन्ही क्रमांक घेतले. ह्या यादीत क्रायस्लरचेच १९६० सालचे, तीस अंशांत कललेले सहा सिलिंडरांचे इंजिन असते ते आम्हांस अधिक आवडते. त्यात दिमाख काही नाही. ते नुसते चालत राहते.

मुंबईस ही नावे अगदी परकी नव्हती. जनरल मोटर्सने शिवडीस १९२८ साली जोडणीचा कारखाना काढला आणि तेथून शेव्हरोले गाड्या बाहेर पडू लागल्या. फोर्डनेही मुंबईत गाड्या जोडल्या. शेठ वालचंद हिराचंद ह्यांनी युद्धाच्या आधीपासून मोटारीचा कारखाना काढण्याची खटपट चालविली होती. परकी सरकारने ती लांबणीवर टाकली. अखेर १९४४ साली प्रीमियर कंपनी स्थापन झाली आणि १९४७ पासून कुर्ल्यास क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ आणि डी सोटो गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. त्यांची सहा सिलिंडरांची इंजिने इतकी शांत की गाडी सुरू आहे की बंद आहे हे कळू नये. मुंबईच्या जुन्या मंडळींना आठवणारी ‘मोठी अमेरिकन गाडी’ ती हीच. पुढे सरकारने धोरण ठरविले की ज्यांस येथे केवळ जोडावयाचे नाही, तर उत्तरोत्तर बनवावयाचे आहे, त्यांनीच राहावे. तेव्हा फोर्ड व जनरल मोटर्स ह्या दोन्ही कंपन्यांनी १९५० च्या दशकाच्या मध्यास आपला गाशा गुंडाळला.

कांदिवलीची कथा ह्याच सुमारास सुरू होते. पण तीकडे वळण्यापूर्वी इंजिनाच्या पोटात काय चालते ते दोन वाक्यांत सांगणे अवश्य आहे, नाहीतर मामंजींचे म्हणणे समजणार नाही.

सिलिंडर म्हणजे एक नळकांडे. त्यात पिस्टन नावाचा दट्ट्या वरखाली होतो. पेट्रोल व हवा ह्यांचे मिश्रण आत घ्यावयाचे, दाबावयाचे, ठिणगीने पेटवावयाचे आणि जळलेला धूर बाहेर टाकावयाचा, अशी चार कामे तो करतो. आत येण्यास एक झडप लागते, बाहेर जाण्यास दुसरी. आता हे सिलिंडर म्हणजे जुन्या वाड्यातील स्वयंपाकघर समजा. खोलीची दोन्ही दारे एकाच भिंतीस, तळाजवळ असतील तर हवा वळसा घालून आत येईल आणि धूरही वळसा घालूनच बाहेर जाईल. जुन्या, सपाट माथ्याच्या इंजिनांत दोन्ही झडपा अशा ब्लॉकच्या कुशीत असत. फोर्डचे व्ही-८ तसे होते, कुर्ल्याचे प्लिमथ तसे होते. ही रचना साधी. हेड म्हणजे नुसते एक झाकण. उलट दोन्ही दारे छतास ठेवली तर वारा सरळ खेळतो, पण वर दांडे, तरफा, खटपट फार. शेव्हरोले आणि हेमी ह्या दुसऱ्या जातीच्या.

मामंजींचे इंजिन ह्या दोहोंच्या मधले आहे. त्याची हवा आत घेणारी झडप छतास आहे आणि धूर बाहेर टाकणारी कुशीस. असे का, ह्याला इतिहास आहे.

ओहायो राज्यातील टोलीडो शहरी विलीज-ओव्हरलँड नावाची एक कंपनी होती. मोठ्या तिघांच्या मानाने दरिद्रीच म्हणावयाची. तिच्याकडे चार सिलिंडरांचे १३४ घनइंचांचे, म्हणजे २.२ लिटरचे, एक जुने इंजिन होते. शक्ती ४८ अश्वांची, आणि पूर्ण वेगाने सतत चालविले तर फार वेळ टिकत नसे. १९३८ साली बार्नी रूस हे इंजिनियर तेथे दाखल झाले. नवीन इंजिन करण्यास कंपनीजवळ पैसा नव्हता. तेव्हा रूस ह्यांनी जुन्याचेच पिस्टन, बेअरिंगे, थंडाईची व्यवस्था आणि भागांमधल्या फटी ह्यांवर मेहनत घेतली आणि तेच इंजिन ६० अश्वशक्तीवर नेऊन ठेवले. वर टिकाऊही केले. पुढे १९४० साली अमेरिकेच्या लष्करास हलकी, चारही चाकांना जोर असलेली गाडी हवी झाली. प्रतिस्पर्ध्यांच्या गाड्यांची इंजिने ४५ अश्वशक्तीच्या आसपास होती. रूस ह्यांचे इंजिन त्यांच्याहून पुष्कळ जोरदार, परंतु जड. आणि लष्कराची वजनाची मर्यादा २१६० पौंडांची. रूस ह्यांनी इंजिन सोडले नाही. बोल्टांची जादा लांबी छाटली, पत्रे हलके केले, ठिकठिकाणचे औंस वेचून काढले. अखेरीस गाडी मर्यादेत बसली ती इतकी काठोकाठ की, रंगाचा दुसरा हात दिला असता तर बसली नसती, असे सांगतात.

जीप ती हीच. युद्धाची गरज एवढी वाढली की एकट्या विलीजला पुरे पडेना. तेव्हा लष्कराने फोर्डलाही त्याच नमुन्याच्या गाड्या बनविण्यास सांगितले. फोर्डने पावणेतीन लाखांहून अधिक जीपा बांधल्या, आणि त्यांत इंजिन बसविले ते आपले नव्हे, तर विलीजच्या आराखड्याचे. नातवाने ही गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्या कंपनीचे व्ही-८ त्यांच्या यादीत पहिले, तिनेच मामंजींच्या इंजिनाचा वडील भाऊ लाखोंनी बनविला आहे.

वडील भाऊ म्हणण्याचे कारण असे की, १९५० साली रूस ह्यांनी आणखी एक सुधारणा केली. ब्लॉक तोच, सिलिंडर तेच, फक्त हवा घेणारी झडप कुशीतून काढून छतास नेली व ती मोठी केली. धूर टाकणारी जेथल्या तेथे ठेवली. नवा ब्लॉक ओतण्याचा खर्च वाचला, आणि शक्ती पंचाहत्तरांच्या घरात गेली. गृहिणीने जुन्या साडीची सुरेख गोधडी करावी तसला हा प्रकार आहे. अर्थात माथा उंच झाल्यामुळे इंजिन जुन्या बॉनेटखाली मावेना. म्हणून १९५३ साली बॉनेटच उंच केलेली जीप निघाली. दिसण्यात थोडी बोजड. अमेरिकेत तिला कोणी सुंदर म्हटले नाही. आपल्याकडे जीप म्हटली की डोळ्यांपुढे येते ती हीच उंच कपाळाची.

ही कांदिवलीस कशी आली? युद्धकाळात कैलासचंद्र महिंद्र हे वॉशिंग्टनला भारताच्या पुरवठा मंडळाचे काम पाहत होते. तेथे त्यांची व बार्नी रूस ह्यांची गाठ पडली आणि हिंदुस्थानच्या रस्त्यांना, किंवा रस्ते नसण्याला, हीच गाडी योग्य असे त्यांच्या मनाने घेतले, असे कंपनीच्या इतिहासात नमूद आहे. १९४५ साली ‘महिंद्र आणि मोहम्मद’ ह्या नावाने कंपनी निघाली. भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे अर्थमंत्री झाले आणि १९४८ साली नावाचा दुसरा अर्धा भागही महिंद्र झाला. जीपचे भाग पेट्यांतून येत आणि माझगावास जोडले जात. पुढे १९५० च्या दशकात कांदिवलीस कारखाना उभा राहिला, आणि एक एक करीत बहुतेक भाग येथेच बनू लागले.

नंतरची गोष्ट महाराष्ट्रातील वाचकांस सांगावयास नको. तालुक्याच्या गावी धुरळा उडवीत जीप आली म्हणजे सरकार आले असे समजत. मामलेदार, पाटबंधाऱ्यांचे इंजिनियर, देवी टोचणारे डॉक्टर, निवडणुकीचे उमेदवार सारे त्याच गाडीतून उतरत. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामे पाहण्यास अधिकारी गेले तेही तीतूनच. ती बिघडली तर गावचा लोहार आणि जवळच्या बाजारपेठेतला मिस्त्री मिळून उभी करीत, कारण आत लपविलेले असे काही नव्हतेच. हात घालण्यास जागा, पाना फिरविण्यास जागा. आजच्या गाडीचे बॉनेट उघडले तर काळ्या प्लॅस्टिकच्या आवरणाखेरीज दृष्टीस काही पडत नाही. ते पाहून आम्हांस तरी बॉनेट पुन्हा लावून घ्यावेसे वाटते.

अमेरिकेने मात्र ह्या इंजिनाचा हात सोडला. विलीज कंपनी १९५३ साली कैसरकडे गेली, १९७० साली अमेरिकन मोटर्सकडे, १९८७ साली क्रायस्लरकडे. १९७२ च्या नमुन्यांपासून तेथे विकल्या जाणाऱ्या जीपांत रूस ह्यांचे इंजिन राहिले नाही. स्वदेशात टाकलेल्या इंजिनाला परदेशी घर मिळण्याचे हे एकच उदाहरण नव्हे. ब्यूइक कंपनीने ॲल्युमिनियमचे एक हलके व्ही-८ इंजिन १९६१ साली काढले, दोनतीन वर्षांत कंटाळून सोडले. इंग्लंडच्या रोव्हर कंपनीने त्याचे हक्क घेतले व पुढे कितीतरी वर्षे आपल्या उत्तमोत्तम गाड्यांत ते बसविले. त्याच ब्यूइकने आपल्या सहा सिलिंडरांच्या इंजिनाची सगळी यंत्रसामग्री १९६७ साली कैसरला विकली आणि पेट्रोल महागताच १९७४ साली ती परत विकत घेतली! घरातील पितळेची भांडी बोहारणीस देऊन सणासुदीस तिच्याच दारी जाण्यापैकी हे झाले.

पेट्रोलचा उल्लेख आलाच आहे. आपल्याकडे ह्या इंजिनाचा शत्रू तोच ठरला. १९७३ साली अरब राष्ट्रांनी तेल रोखले, भाव भडकले, आणि लिटरमागे आठनऊ किलोमीटर धावणारी गाडी ठेवणे शेतकऱ्यास काय, सरकारासही जड जाऊ लागले. उत्तर कांदिवलीच्याच आवारात सापडले. शिकागोच्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीच्या भागीदारीत १९६३ साली ट्रॅक्टर बनविण्याची निराळी कंपनी निघाली होती, ती १९७७ साली महिंद्रांत विलीन झाली. तिच्या ट्रॅक्टरचे १४४ घनइंचांचे डिझेल इंजिन जीपमध्ये बसविण्यात आले. नाव अमेरिकन, आराखडा इंग्लंडातला, घडण कांदिवलीची. ते नांगरासाठी जन्मले होते आणि रस्त्यावरही नांगर ओढल्यासारखेच चाले. परंतु खर्च निम्म्यावर आला. पुढे १९७९ साली फ्रान्सच्या पूझो कंपनीशी डिझेल इंजिनाचा करार झाला, आणि पेट्रोलची जीप मागे पडत गेली. त्या काळी हजारो जीपांची मूळ इंजिने उपटून भंगारात गेली. भावजींच्या सूचनेस अशी परंपरा आहे. त्यांना अरसिक म्हणता येणार नाही. ज्या घरची जीप दररोज शंभर मैल धावत होती त्या घरी तो निर्णय योग्यच होता.

पण मामंजींची जीप दररोज शंभर मैल धावत नाही. भगिनींनी प्रामाणिकपणे लिहिले आहे की, महिन्यास पंचवीस किलोमीटरहून अधिक होत नाहीत. म्हणजे वर्षास ३००. लिटरला नऊ किलोमीटर धरले तर पेट्रोल सुमारे ३३ लिटर लागेल, डिझेलवर चौदा धरले तर २१ लिटर. सध्याच्या भावाने फरक वर्षास दीड हजार रुपयांचा पडतो. एक लाख वीस हजार रुपये त्यातून वसूल होण्यास ८० वर्षे लागतील. मामंजींच्या दीर्घायुष्याविषयी आमच्या सदिच्छा आहेतच, तरी हा हिशेब भावजींनी स्वतः करून पाहावा.

दुसरी गोष्ट कायद्याची, आणि ती ह्या घरी कोणाच्याच लक्षात आलेली दिसत नाही. इंजिन बदलावयाचे तर प्रादेशिक परिवहन कार्यालयाची संमती लागते व नव्या इंजिनाचा क्रमांक नोंदणीपुस्तकात चढवावा लागतो, हे गॅरेजवाले पुष्कळदा सांगत नाहीत. शिवाय २०२१ साली केंद्र सरकारने जुन्या गाड्यांसाठी स्वतंत्र नियम केले. प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली, धंद्यासाठी न वापरली जाणारी आणि चासी, सांगाडा व इंजिन ह्यांत मोठा फेरफार न झालेली गाडी ‘विंटेज’ म्हणून नोंदता येते. नवीन नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, ती दहा वर्षे चालते, आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. मामंजींची जीप ह्या अटीत बसते. डिझेल इंजिन बसविले की त्याच दिवशी ती अटीबाहेर गेली. मग पुन्हा कितीही पैसा ओता, मूळ इंजिन भंगारवाल्याच्या भट्टीतून परत यावयाचे नाही. तथापि ह्या नियमास दुसरी बाजूही आहे, ती मामंजींनी ऐकून घ्यावी. विंटेज म्हणून नोंदलेली गाडी नित्याच्या कामास काढता येत नाही. प्रदर्शन, मेळावा, दुरुस्ती, पेट्रोल भरणे एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर यावी असा नियम आहे. म्हणजे एकादशीचे देऊळ आणि भाजीबाजार बंद. मान हवा की भाजी, हे त्यांचे त्यांनी ठरवावे. आम्हांस विचाराल तर योग्यतेचा दाखला वेळच्या वेळी घेऊन साध्या नोंदणीवरच गाडी ठेवावी. जी गाडी भाजी आणण्यास जन्मली तिला काचेच्या कपाटात बसविण्यात आम्हांस हशील दिसत नाही.

राहता राहिला आजार. तो ओळखल्यावाचून औषध देणे बरे नव्हे. पत्रातील लक्षणे वाचून आम्हांस संशय आला, म्हणून हा मजकूर छापावयास जाण्यापूर्वी आम्ही भगिनींस खासगी पत्राने कळविले की, इंजिन उतरविण्याआधी चारही सिलिंडरांचा दाब मोजून घ्यावा. कृती सोपी आहे. इंजिन थोडे गरम करून बंद करावे, चारही प्लग काढावे, एकेका भोकात दाबमापक धरावे, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर फिरवावा व आकडा लिहून ठेवावा. जेथे आकडा उणा येईल तेथे चमचाभर इंजिनतेल सोडून पुन्हा मोजावा. तेलाने आकडा वाढला तर पिस्टनवरची कडी झिजली, काम मोठे. न वाढला तर हवा झडपेतून निसटते आहे, काम लहान. पेट्रोलात हल्ली इथेनॉल वीस टक्क्यांपर्यंत असते. ते जुन्या रबराचा नाश करते, आणि गाडी उभीच राहिली तर हवेतील पाणी शोषून घेते. म्हणून पेट्रोलच्या नळ्या व पंपाचा पडदा बदलण्यासही सुचविले होते.

चार दिवसांनी उत्तर आले. आकडे असे: ११२, ११५, ६८, ११०. तिसऱ्यात तेल घातल्यावर ६८ चे ७० झाले, अधिक नाही. मापक नातवाने धरले होते, स्टार्टर भावजींनी फिरविला आणि मामंजी खुर्ची टाकून बसले होते. आकडे ऐकताच ते, पंधरवड्यानंतर प्रथमच, बोलले: ‘तिसऱ्याची एक्झॉस्ट.’

हेड उघडले तेव्हा तिसऱ्या सिलिंडरच्या, कुशीतल्या त्या झडपेची कड नखाच्या कोरीएवढी जळालेली निघाली. टॅपेटची फट मिटून गेली होती, झडप पुरती बसत नव्हती, आणि प्रत्येक स्फोटाची ज्योत तेथून निसटून कड जाळीत होती. सिलिंडरांच्या भिंती मात्र ठीक होत्या. कुर्ल्याच्या जुन्या बाजारात झडप मिळाली; हेडचे गॅस्केट, नळ्या, पंपाचा पडदा आणि घासण्याची पेस्ट धरून सारा खर्च सहा हजारांच्या आत गेला. झडप बैठकीवर घासून बसविण्याचे काम हाताचे आहे. दोन्ही तळव्यांमध्ये काठी धरून, ताक घुसळल्याप्रमाणे, पुढेमागे फिरवावी लागते. मामंजींचे हात आता थरथरतात. म्हणून काठी नातवाने धरली आणि मामंजी भिंगातून कड पाहत राहिले. सायंकाळी सहापासून रात्री साडेनवापर्यंत हे चालले, आणि जेवणाची दुसरी पंक्तही त्यामुळे खोळंबली, असे भगिनींनी किंचित तक्रारीच्या सुरात लिहिले आहे.

पत्राच्या शेवटी त्यांनी नातवाच्या यादीचे काय झाले तेही कळविले आहे. तो मिशिगनला ऑबर्न हिल्सजवळ राहतो. तेथेच २०१८ पासून महिंद्रांनी ‘रॉक्सर’ नावाची, जीपच्याच वळणाची डिझेल गाडी भारतातून गेलेल्या सुट्या भागांपासून जोडण्यास आरंभ केला होता, आणि तिचे रूप जीपसारखे आहे म्हणून जीपच्या मालकांनी त्यांस अमेरिकन आयोगापुढे खेचले होते. तोंडवळा बदलावा लागला. नातवाने ही हकीकत आजोबांस सांगितली. टोलीडोच्या पेट्या एके काळी माझगावास उतरत, आता आपल्या पेट्या मिशिगनला उतरल्या, हे ऐकून मामंजी पुष्कळ हसले. यादीत बदल करावयास ते म्हणाले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले की, ह्या इंजिनाचा पेटण्याचा क्रम काय. नातवास सांगता आला नाही. तेव्हा घरातील सातही मुलांना शेडपाशी उभे करून त्यांनी तो पाठ करून घेतला: एक, तीन, चार, दोन. धाकटी नात आता परवच्यानंतर तेही म्हणते.